पाचांतली पाचवी

आमच्या भरण-खोलीत बोटावर साधा ओरखडा असला तरी आत सोडत नसत. दाराशी नर्सबाई बसायच्या. त्या आमचे हात उलटेसुलटे करून बघायच्या, नखांच्या कडा बघायच्या, आणि कुठं कापलेलं, सोललेलं, पोळलेलं दिसलं की ती बाई त्या दिवशी बाहेर, खोकी जोडायच्या कामावर. आत इंजेक्शनच्या औषधाच्या लहान बाटल्या भरल्या जायच्या. उघड्या जखमेची बाई तिथं चालणार नव्हती. खोकी जोडायला कुणालाच जायचं नसे. तिथं पत्रा तापायचा आणि पुठ्ठ्याची धूळ नाकात जायची. म्हणून आमच्या बायका घरीसुद्धा हात जपायच्या. एकीची सासू गावभर सांगत फिरायची, "आमच्या सुनंला इळीवर बसवायची म्हंजी कारखान्याला इचारावं लागतंय."

हे आधी सांगितलं, कारण आम्ही पायांनी खेळायला लागलो ते ह्या हातांमुळे.

कारखाना चिंचवडच्या बाजूला, रेल्वेच्या रुळांपासून थोडा आत होता. नवाकोरा. कुंपणाच्या तारेपलीकडं ज्वारीची रानं होती आणि कामाला येणाऱ्या निम्म्या बायका त्याच रानांतून वाट काढत यायच्या. एक मोठी शेड रिकामी पडली होती. तिच्या एका भिंतीला काचेचे मोठाले बुधले गवतात गुंडाळून उभे केलेले, बाकी सगळी सिमेंटची गुळगुळीत जमीन. वेल्फेअरच्या साहेबांनी आठवड्यातून दोन दिवस सुटीनंतर ती शेड बायकांना खेळायला दिली आणि एक चेंडू दिला. बायका चेंडू हातांनी फेकायच्या आणि झेलायच्या. पहिल्याच महिन्यात तिघींची बोटं मुरगळली, एकीचं नख निघालं. नर्सबाईंनी खेळ बंद केला.

तेव्हा आक्का पुढं झाली. आक्का म्हणजे आमच्या खोलीतली सगळ्यांत जुनी बाई, आकुर्डीच्या शेतकरी घरातली, दोन मुलांची आई. अंगानं आडवी, आवाज खोल विहिरीतून बोलावं तसा. ती नर्सबाईंना म्हणाली, "हाताला बंदी हाय. पायाला तर न्हाई?"

"पायाला लागलं म्हणजे?"

"पायानं कुठं बाटल्या भरतोय आमी?"

नर्सबाई हसल्या, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. पुरुषांचा फुटबॉल स्टेशनापलीकडच्या माळावर चालायचा, तो सगळ्यांनी येताजाता पाहिलेला होता. फुटबॉलला शेड अपुरी, म्हणून एका बाजूला पाचच जणी. दोन लोखंडी खांबांमधली जागा म्हणजे गोल. चेंडू उसळून बुधल्यांवर जाऊ नये म्हणून आक्कानं त्यातली हवा निम्मी काढायला लावली, पण तो तरीही उडायचा. मग शिवण उसवून आतला फुगा काढला आणि जुन्या गादीचा कापूस ठासून भरला. असा चेंडू जड होतो, उसळत नाही, पायाशी राहतो. लाथ घातली तर तो फार लांब जात नाही आणि अंगठा मात्र दिवसभर ठणकतो. त्यामुळे लाथ घालायची नाही, ढकलायचं, सरकवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. चेंडूनंच शिकवलं.

मी त्या वेळी शेडच्या टोकाला बाकावर बसलेली असायची. माझे वडील त्याच कारखान्यात स्टोअर्सचे अधिकारी होते. त्यांचं काम उशिरा संपायचं आणि आम्ही दोघं मिळून क्वार्टरवर चालत जायचो. माझी शाळा पुण्यात कॅम्पातली, इंग्रजी. शाळेत मराठी बोलायची चोरी, आणि घरी जे मराठी बोलत होतो ते वडिलांच्या पुस्तकांतलं, स्वच्छ आणि हळू. दोन्हीकडं मी कमीच बोलायची. शाळा संपल्यावर कॉलेजात जायचं ठरलं होतं, पण प्रवेशाआधी मुलाखत असते हे कळलं आणि मी तापानं फणफणले. वडील रागावले नाहीत. एक वर्ष थांबू म्हणाले, आणि रिकामी बसू नये म्हणून मला भरण-खोलीत लावून दिलं.

ती खोली मला फार आवडली. सगळ्यांच्या नाकातोंडावर मलमलीची पट्टी, केस टोपीत, आणि बोलायला सक्त मनाई, कारण बोलण्याबरोबर तोंडातून जंतू उडतात. दिसायचे ते फक्त डोळे. बाटली संपली, बूच दे, जरा थांब, नर्सबाई आल्या, हे सगळं डोळ्यांनी. इतर बायका बाहेर पडल्या की साठलेलं बोलणं एकदम सोडून द्यायच्या, नळ सोडावा तसं. मला मात्र तिथून बाहेर पडणंच जिवावर यायचं.

बाकावर बसून खेळ बघताना मी मान हलवत असे, मला नकळत. एकदा आक्का खेळ थांबवून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. घामानं निथळत होती.

"ताई, चेंडू जायच्या आधीच तुमी तिकडं कसं काय बगता वो?"

ती हलेना. मग मी म्हटलं, "डोळ्यांवरून कळतं."

"कुनाच्या?"

"सगळ्यांच्या. चेंडू द्यायच्या आधी तुम्ही तिकडे बघता."

आक्कानं मागं वळून बाकीच्यांना ओरडून सांगितलं, "ऐकलं का? आपलं डोळं चुगल्या करत्यात!" आणि माझा दंड धरून मला आत ओढलं. त्यांच्यात एक जण कमी होती. मी पाचवी झाले.

बाकीच्या तिघी सांगते. गोलात उभी राहायची ती कोकणातली, नवरा आणि सासूबरोबर इकडं आलेली. तिला सगळ्या काकी म्हणायच्या. आणि दोघी सख्ख्या जावा होत्या, थोरली आणि धाकटी. घरी त्यांचा अबोला होता. कशावरून, ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. कामाला एका वाटेनं यायच्या पण एकीच्या मागं एक, मध्ये बैलगाडी जाईल इतकं अंतर ठेवून. खेळात त्या एकमेकींना चेंडू देत नसत. थोरलीला तो धाकटीकडं पोचवायचा असला तर ती आधी दुसऱ्या कुणाला द्यायची. मी आल्यापासून ती दुसरी कुणीतरी मी झाले.

पहिले काही दिवस माझे सगळे प्रयत्न अंगाशी आले. माझी गोल साडी पायांत यायची. आक्कानं मला भिंतीशी उभं करून काष्टा कसा मारायचा ते दाखवलं आणि वर म्हणाली, "आता बगा, आता तुमाला पाय हायेत." मग चेंडू थांबवायचा तो तळव्यानं, वरून अलगद दाबून. माझं पाऊल शाळेपासून बुटात राहिलेलं, गुळगुळीत सिमेंटवर ते घसरायचं. आक्का अनवाणी उभी राहायची तेव्हा तिची बोटं पसरून जमीन धरायची. मी पंधरवडाभर क्वार्टरच्या मागच्या अंगणात अनवाणी हिंडले. आईनं एकदा स्वयंपाकघरातून पाहिलं आणि म्हणाली, "बाटल्या भरायच्या खोलीत बसतेस ते समजू शकते मी. पण लाथा मारायच्या?"

"लाथा नाही मारत. सरकवतो."

"काय गं बाई फरक!" आई म्हणाली. पण संध्याकाळी तिनं मला तळपायाला लावायला कोकम तेल काढून दिलं.

तळवा सुधारला, पाऊलही बसलं. खरी अडचण तोंडाची होती.

मला शाळेत लागलेली सवय म्हणजे कुणाला धक्का लागला की "सॉरी" म्हणायचं. ह्या खेळात तर धक्क्याशिवाय चेंडू मिळतच नाही. तेव्हा मी दर वेळी चेंडू काढून घ्यायची आणि दर वेळी "सॉरी" म्हणायची. एकदा धाकटीच्या पायात चेंडू होता, समोर गोल मोकळा, आणि माझा खांदा तिला चुकून लागला. मी "सॉरी" म्हटलं. तिनं चेंडू तिथंच टाकला आणि बाजूला झाली. समोरचीनं तो उचलल्यासारखा नेला.

"अगं, सोडलास का?" आक्का ओरडली.

"ताईच म्हनल्या की, सोड री म्हून!" धाकटी म्हणाली.

शेडमध्ये हसण्याचा जो काय आवाज झाला तो पत्र्यावर आदळून परत आला. मीही हसले असते, पण माझे कान इतके तापले होते की मी खांबाकडं तोंड करून उभी राहिले. आणि ही माझी दुसरी सवय. चूक झाली की मी जागच्या जागी उभी राहायची. चूक होऊन गेलेली असायची, चेंडू पुढं गेलेला असायचा, खेळ दुसऱ्या टोकाला पोचलेला असायचा, आणि मी अजून तिथंच, त्या चुकीपाशी, कुणी मेल्यासारखी. आक्का माझ्याजवळून धावत गेली आणि थांबलीसुद्धा नाही. जाता जाता म्हणाली, "लाज घरी जाऊन करा ताई. हितं पळा."

मी पळाले. ह्या एका वाक्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. पुढं पुष्कळदा, चेंडू नसताना, खेळ नसताना, मला ते वाक्य उपयोगी पडलं आहे.

पण सगळ्यांत मोठा घोटाळा झाला तो "हाय"चा.

एका दिवशी चेंडू माझ्या पायात होता. समोर दोघी आडव्या आल्या. मागून आक्काचा आवाज आला, "हाय! हाय!" मी चेंडू टाकून गर्रकन वळले. मला वाटलं, आक्काचा पाय मोडला. "काय झालं? कुठं लागलं?" म्हणत मी तिच्याकडं धावले. चेंडू गेला. गोल झाला. आक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली.

"कुनाला लागलं?"

"तुम्ही ओरडलात ना. हाय हाय म्हणून."

आक्काला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खालीच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अवो ताई, मी हाय म्हनते! हितं, तुमच्या मागं, मी हाय!"

माझ्या मराठीत ते "आहे" होतं. आकुर्डीच्या मराठीत "हाय". वाक्यातलं "हाय" मला कळायचं, पण नुसतं ओरडलेलं "हाय" मी पुस्तकांत वाचलं होतं ते फक्त कुणी ऊर बडवताना. काकी गोलातून म्हणाली, "आमच्याकडे 'आसा' म्हणतत. तां आयकून ह्यां चेडू खंय पळान गेला असता, देवाक ठावक." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

त्या दिवसापासून मला नीट ऐकू यायला लागलं. चेंडू एकीच्या पायात असे तेव्हा बाकीच्या सतत सांगत असत. हाय. हाय. आसा. प्रत्येकीची जागा आवाजावरून कळायची. चेंडूवालीला मान वर करायची गरज नव्हती. फक्त माझ्या बाजूनं काही यायचं नाही. मी अचूक जागी उभी असायची, डोळे वाचून आधीच पोचलेली, मोकळी, आणि मुकी. मग चेंडू दुसऱ्या कुणाकडं जायचा, आणि बरोबरच होतं ते.

मी प्रयत्न केला. एकदा चेंडू आक्काकडं असताना मी म्हटलं, "आहे." आक्कानं खेळता खेळता विचारलं, "काय हाय? वरन-भात हाय का?" "आहे" मोठ्यानं ओरडून बघा. ओरडता येत नाही. "हे"शी पोचेपर्यंत श्वास संपतो.

कारखान्याच्या वाढदिवसाला खेळ होणार होते. आमचा सामना प्रयोगशाळेतल्या मुलींशी ठरला. त्या शिकलेल्या होत्या, माझ्यासारख्या, आणि त्यांच्यातली एक मला जिन्यात भेटून इंग्रजीत म्हणालीसुद्धा, की तू खरं तर आमच्याकडून खेळायला हवंस. मी नुसतं हसले. मला त्यांच्याकडून खेळायचं नव्हतं. मला ह्या पाचांत राहायचं होतं, आणि ते इतकं हवं होतं की मला त्याची भीती वाटायला लागली.

कारण आता आमच्याकडं सहावी आली होती. लेबलं लावायच्या खात्यातली भोसरीची एक मुलगी, पळायला वाऱ्यासारखी आणि ओरडायला तर आक्कापेक्षा पुढं. आक्का मला शेडच्या दाराशी घेऊन गेली. ती माझ्याशी नेहमीच जपून बोलायची. मी अधिकाऱ्याची मुलगी, त्यामुळे वयानं सगळ्यांत लहान असूनही सगळ्या मला ताई आणि तुमी म्हणायच्या.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "तुमचा पाय बसलाय. नजर तर आमच्यात कुनाला न्हाई तशी हाय. पन मुकी बाई मला पाचात न्हाई चालत. पुढल्या शनवारपत्तर तोंड उघडलं तर तुमी. न्हाई तर ती भोसरीची."

"मी प्रयत्न करते आहे."

"तुमाला वाटतंय, हाय म्हनलं म्हंजी चेंडू मागितला. म्हून लाज वाटती. व्हय का न्हाई?"

मी मान हलवली. तसंच वाटत होतं. स्वतःसाठी काहीतरी मागायचं, तेही ओरडून.

"मागायचं न्हाई वो. जिच्या पायात चेंडू हाय तिला दोघी घेरत्यात. तिला काय बी दिसंना झालंय. तिला सांगायचं, बाई, तू एकटी न्हाईस. चेंडू दी नाय तर नको दिऊ."

घरी जाताना वडिलांनी विचारलं, आज गप्प का. मला वाटलं, मी रोज बोलत असते असं त्यांना वाटतं की काय. त्या आठवड्यात मी अंगणात भिंतीशी चेंडू सरकवत तोंडातल्या तोंडात "हाय" म्हणायचा सराव केला. आई दारात येऊन म्हणाली, "कुठं दुखतंय का गं?" मी नाही म्हटलं. कशाकशाचा खुलासा करणार?

सरावानं काही झालं नाही. शुक्रवारी शेडमध्ये मी पुन्हा मुकीच होते. भोसरीची मुलगी बाकावर बसून पदर खोचत होती. खेळ संपायला आला होता. चेंडू धाकटीच्या पायात आला आणि ती बुधल्यांकडच्या कोपऱ्यात सापडली. समोर दोघी. मागं भिंत. थोरली जाऊ तिच्यापासून चार हातांवर मोकळी उभी होती. तिनं ओठ मिटून घेतले होते. तिला ओरडायचं होतं, मला दिसत होतं, पण अबोला मोडायचा तर तो शेडमध्ये, सगळ्यांदेखत, आपण होऊन का मोडायचा? धाकटीनं एकदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी ओळखलं. वर्गात प्रश्न विचारल्यावर सगळ्या बाकांकडं बघताना माझे डोळे तसेच होत असणार.

"हाय!" मी ओरडले. "हाय! हाय गं, हितं हाय!"

धाकटीनं बघितलंसुद्धा नाही. आवाजाच्या दिशेनं चेंडू सरकवला. तो दोघींच्या पायांमधून आला, मी तळव्यानं दाबला आणि न थांबता थोरलीला दिला, आणि थोरलीनं गोल केला. मग सगळ्या माझ्याकडं वळल्या. माझ्या तोंडून आकुर्डीची मराठी आली होती. "हितं" सुद्धा. मला वाटलं, आता ह्या म्हणतील की मी त्यांची नक्कल केली.

थोरली पहिली हसली. "आता गं बया! ताईंचं गाव कंचं म्हनायचं?"

आणि धाकटी, कपाळावरचा घाम पुसत, थेट थोरलीकडं बघून म्हणाली, "तुमच्यापरीस बऱ्या. तुमी तर चार हातांवर हुब्या व्हता, तोंडात काय गूळ धरलावता का?" त्यांचा अबोला तिथं सुटला आणि भांडण सुरू झालं. ते बाहेर पडेपर्यंत चाललं होतं. दोघी भांडत भांडत एकमेकींच्या शेजारून चालत गेल्या. आक्कानं भोसरीच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला सांगितलं, की ह्या खेपेला बदली म्हणून बस, पुढच्या खेपेला बघू. ती मुलगी माझ्याकडं बघून हसली. चांगल्या मनाची होती. नंतर आम्ही दोघी पुष्कळ खेळलो.

वाढदिवसाच्या दिवशी शेड माणसांनी भरली होती. पुरुष खिडक्यांच्या चौकटींवर चढून बसले होते. वडील साहेबांच्या रांगेत खुर्चीवर होते आणि आई, जी येणार नाही म्हणाली होती, ती काकीच्या सासूच्या शेजारी सतरंजीवर होती. प्रयोगशाळेच्या मुली चांगल्या खेळल्या. त्या पायांत कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या, आणि आम्हाला वाटलं होतं त्या घसरतील. पण त्या घसरल्या नाहीत. त्यांनी एक गोल केला, आक्कानं एक फेडला, मग त्यांनी आणखी एक केला. मी ओरडत होते. आधी माझा आवाज मला परका वाटला, मग मी तो ऐकायचं विसरले.

शेवटची शिट्टी व्हायच्या जरा आधी धाकटीनं थोरलीला चेंडू दिला, सरळ, मध्ये कुणी नाही. थोरलीनं आक्काला. मी उजवीकडच्या खांबाशी पोचले होते, त्यांची गोली, म्हणजे गोलातली मुलगी, दुसऱ्या बाजूला कलली होती हे मी तिच्या डोळ्यांवरूनच ओळखलं होतं. मी ओरडले. आक्कानं मान न वळवता चेंडू माझ्या पायात घातला. समोर सगळा गोल उघडा. फक्त सरकवायचा होता. मी लाथ मारली.

का मारली, मला सांगता येणार नाही. जड चेंडू अंगठ्याला लागला, खांबावर आदळला, ठणकन आवाज झाला, आणि परत आला तो त्यांच्या पायात. मी थांबले नाही. त्याच्यामागं धावले, धक्का दिला, काढूनही घेतला, सॉरी म्हटलं नाही. पण तेवढ्यात शिट्टी झाली. आम्ही हरलो.

पत्रा वाजेल इतक्या टाळ्या झाल्या, त्या बहुतेक दोन्ही बाजूंसाठी होत्या. वेल्फेअरच्या साहेबांनी पुढच्या वर्षभर शेड बायकांकडं राहील असं जाहीर केलं. मी शेडच्या मागच्या नळावर जाऊन पायांवर पाणी घेत उभी राहिले. अंगठा लाल झाला होता. मला वाटत होतं, आता सगळ्या येतील आणि म्हणतील, असू द्या ताई, होतं असं. आणि पुढच्या वेळी भोसरीची मुलगी खेळेल. आणि तेही बरोबरच असेल.

आक्का आली. तिनं माझा दंड धरून मला वळवलं.

"डोळं कुठं व्हतं गं तुझं?"

"तुझं" ऐकून मी नळ बंद केला.

"आ? एवढा गोल मोकळा! अगं माझ्या धाकट्या पोरानं बी सरकवला असता! लाथ कशापायी मारलीस? म्हैनाभर काय शिकवलं तुला? सरकव, सरकव, सरकव! आन् ऐन टायमाला ही खांबाला लाथ मारती!"

थोरली मागून म्हणाली, "नवस बोललीवती खांबाला. आज फेडला."

"माका तर वाटला खांब पडतलो," काकी म्हणाली. "अगो, पाय दाखय बघू. मोडलो काय?"

"मोडला असता तर बरं झालं असतं," आक्का म्हणाली, "निदान सांगायला तरी काय व्हतं." आणि ती खाली बसली, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठा दाबून बघायला लागली. बोलणं चालूच. मला इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. शाळेत रागवायचे ते थंडपणे, आणि घरी रागवतच नसत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अंगठ्यामुळे असं त्यांना वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

मग मी म्हटलं, "आक्का, तू पास जरा उशिरा दिलास."

मला स्वतःलाच ऐकू आलं ते. तू. आक्काचा हात थांबला. धाकटी तोंडावर पदर घेऊन खुसखुसली.

"उशिरा?" आक्का म्हणाली. "मी उशिरा दिला?"

"गोली कलली होती तेव्हा द्यायला हवा होतास. तू आधी एकदा दाबलास."

आक्कानं आजूबाजूला बघितलं, जणू साक्षीदार शोधत होती. "बगा गं! मुकी व्हती तवाच बरी व्हती!" पण तिनं माझा पाय सोडला नाही. थोड्या वेळानं, अंगठ्याभोवती ओलं फडकं गुंडाळता गुंडाळता, ती हळू आवाजात म्हणाली, "दाबला खरा एकदा. व्हय."

नळाशी गर्दी व्हायला लागली तेव्हा आम्ही निघालो. वडील दाराशी वाट बघत उभे होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आणि आई पुढे व्हा, मी ह्यांच्याबरोबर रुळापर्यंत जाऊन येते. त्यांनी माझ्या लंगडणाऱ्या पायाकडं पाहिलं, मग आक्काकडं, आणि आईबरोबर चालायला लागले. ज्वारीच्या कडेच्या पायवाटेनं आम्ही सहा जणी जात होतो, भोसरीची मुलगी धरून. पास आधी द्यायचा की दाबून द्यायचा ह्यावर आक्काचं आणि माझं भांडण चाललं होतं, आणि थोरली आणि धाकटी, पहिल्यांदाच एका बाजूनं, माझ्याविरुद्ध बोलत होत्या.